वकील व्हायचं नाही. मग कायद्याचा कोणता पेपर घेऊ?

प्रश्न असा आहे: "मी पुण्यात मायक्रोबायॉलॉजी मेजर घेऊन बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या विद्याशाखेतून घ्यावं लागतं. कॉलेजच्या यादीत कायद्याचे पाच पेपर आहेत: भारतीय संविधान, माहितीचा अधिकार व ग्राहक संरक्षण, सायबर कायदा, बौद्धिक संपदा हक्क आणि व्यावसायिक कायदे. मला वकील व्हायचं नाही. यातला कोणता घेऊ आणि सेमिस्टर संपल्यावर मला नेमकं काय येत असेल? सीनियर म्हणतात, संविधान घे, पाठ करून मार्क पडतात."

मी चोवीस वर्षं जिल्हा न्यायालयात वकिली करते आहे. त्यातली पंधरा वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, विज्ञान आणि वाणिज्यच्या मुलांना कायदा शिकवते आहे. तुमच्यासाठी माझं उत्तर बौद्धिक संपदा हक्क, म्हणजे पेटंट, कॉपीराइट, ट्रेडमार्क यांचा कायदा. पण ते का, हे समजून घेतल्याशिवाय फॉर्म भरू नका, कारण तुमच्या कॉलेजात तो पेपर कसा शिकवतात त्यावर हे उत्तर बदलू शकतं.

आधी तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग घेते. "शेवटी मला काय येत असेल" हे विचारणारा विद्यार्थी मला वर्षाला एखादाच भेटतो. बाकीचे पेपरचं नाव बघतात आणि तास सकाळचे की दुपारचे ते बघतात. प्रत्येक पेपरच्या अभ्यासक्रमात पहिल्या पानावर उद्दिष्टं आणि त्याखाली निष्पत्ती, म्हणजे कोर्स आउटकम, छापलेली असतात. ती मिळवा आणि फक्त क्रियापदं वाचा. "विद्यार्थ्यांना कायद्याची ओळख होईल", "जाणीव निर्माण होईल", "महत्त्व समजेल" एवढंच लिहिलं असेल, तर त्या पेपरच्या शेवटी तुम्हाला काय करता येईल हे लिहिणाऱ्यानेही ठरवलेलं नाही. "विद्यार्थी माहिती अधिकाराचा अर्ज स्वतः तयार करील", "दिलेल्या घटनेला कोणतं कलम लागू होतं ते कारणासह सांगेल", "करारातल्या धोक्याच्या अटी ओळखेल" असं असेल तर तिथे कुणीतरी विचार केलेला आहे. मग मूल्यमापनाचा तक्ता बघा. निष्पत्तीत "अर्ज तयार करील" आणि परीक्षेत मात्र "टिपा लिहा" असं असेल, तर शिकवणं टिपांच्याच दिशेने जाणार. माझ्याही वर्गात सुरुवातीची काही वर्षं हेच व्हायचं. परीक्षा जशी बदलली तसा तास बदलला.

दोन क्रेडिटचा पेपर म्हणजे सेमिस्टरभरात साधारण ३० तास. त्यात अख्खा कायदा कुणालाही शिकवता येत नाही. म्हणून मी स्वतःसाठी एकच मोठं उद्दिष्ट ठेवते: पेपर संपताना समोर अनोळखी कायदा ठेवला, तर विद्यार्थ्याला त्याचं कलम स्वतः वाचून अर्थ लावता आला पाहिजे. कलमांचे क्रमांक पाठ असणं मी त्यात धरत नाही.

याचं कारण १ जुलै २०२४ ला सगळ्यांना दिसलं. त्या दिवशी १८६० ची भारतीय दंड संहिता, १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता आणि १८७२ चा पुरावा कायदा बाजूला होऊन भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. ज्यांनी "३०२ म्हणजे खून, ४२० म्हणजे फसवणूक" एवढंच पाठ केलं होतं, त्यांची पुंजी एका रात्रीत जुनी झाली. खून आता १०३ मध्ये आहे, फसवणूक ३१८ मध्ये. पण ज्यांना फसवणुकीचे घटक माहीत होते, म्हणजे सुरुवातीपासूनच अप्रामाणिक हेतू होता का, त्या भुलवण्यामुळे समोरच्याने पैसे किंवा वस्तू दिली का, त्यांना नुसता नवा क्रमांक टिपून घ्यावा लागला. आणि ३० जून २०२४ ला घडलेल्या गुन्ह्याला जुनीच संहिता लागू होते, हेही त्यांना लगेच उमगलं.

कलम वाचणं म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगते, कारण हे उदाहरण तुमच्याही घराचं असेल. पुण्यात खोली घेऊन राहणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुलाला कुणीतरी सांगितलेलं असतं की ११ महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही. एका वर्षी माझ्या वर्गातल्या चौघांची अनामत रक्कम घरमालकाने अडवली होती. करार साध्या स्टॅम्प पेपरवर, नोंदणी नाही. मुलं म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे नोंदलेला कागदच नाही, आता काय होणार?" त्या दिवशीचा ठरलेला धडा बाजूला ठेवून आम्ही महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम ५५ फळ्यावर घेतलं. ११ महिन्यांची समजूत आली कुठून? १९०८ च्या नोंदणी अधिनियमाच्या कलम १७ मधून. तिथे एका वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. पण महाराष्ट्रात कलम ५५ म्हणतं की भाडेकरार असो वा लीव्ह अँड लायसन्स, तो लेखीच हवा आणि नोंदलेलाच हवा. तिथे मुदतीची अटच नाही. पुढचं पोटकलम आणखी महत्त्वाचं आहे. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर आहे आणि असा नोंदलेला करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जाईल, उलट सिद्ध होईपर्यंत. त्याच्याही पुढचं पोटकलम सांगतं की नोंदणी न करणाऱ्या घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

वर्गात एकदम शांतता झाली. जो कागद नसल्यामुळे मुलं घाबरली होती, तो नसण्याचा भार कायद्याने दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवला होता. मग आम्ही "उलट सिद्ध होईपर्यंत" या तीन शब्दांवर उरलेला तास घालवला. म्हणजे मुलांनी वाट्टेल ते म्हटलं तर चालणार नाही. अनामत किती दिली ते बँकेच्या नोंदीतून, मेसेजमधून दिसलं तर म्हणणं भक्कम होतं. शेवटी मुलांनीच एक साधं पत्र लिहिलं, त्यात या कलमाचा उल्लेख केला आणि रक्कम टप्प्याटप्प्याने परत आली. कोर्टात जावं लागलं नाही.

आपल्याकडे म्हण आहे, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. त्या पायरीवर माझी हयात गेली, म्हणून सांगते, म्हणीत तथ्य आहे. पण तिचा अर्थ लोकांनी "कायद्याच्या वाटेलाच जाऊ नये" असा करून घेतला, तिथे नुकसान झालं. ज्याला कायदा वाचता येतो त्याचीच ती पायरी टळण्याची शक्यता जास्त. तुमच्यासारख्या, वकील न होणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हा पेपर मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो.

वाचनातल्या आणखी काही सवयी सांगते. व्याख्येचं कलम आधी वाचायचं. कायद्यातल्या "ग्राहक", "कामगार", "माहिती" या शब्दांचा अर्थ रोजच्या बोलण्यातला नसतो. परंतुक, म्हणजे कलमाच्या शेवटी "परंतु" म्हणून जोडलेली अट, सोडायचं नाही, कारण मूळ वाक्य जे देतं त्यातलं बरंचसं परंतुक काढून घेऊ शकतं. मराठी पाठात "करील" आहे की "करता येईल" हे बघायचं. पहिल्यात बंधन आहे, दुसऱ्यात मुभा. माझ्या मराठी माध्यमातल्या मुलांना हा फरक इंग्रजी माध्यमातल्या मुलांपेक्षा लवकर कळतो, असा माझा अनुभव आहे. त्यामुळे इंग्रजीच्या भीतीने कायद्याचा पेपर टाळू नका. आणि शेवटी, कलम अंमलात आलं आहे का ते बघायचं. कायदा संमत होणं वेगळं आणि राजपत्रात अधिसूचना निघून लागू होणं वेगळं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे, पण त्याच्या बऱ्याचशा तरतुदी लागू झाल्या २० जुलै २०२० ला.

दुसरं उद्दिष्ट मी असं ठेवते की घडलं काय आणि सिद्ध काय करता येईल, या दोन गोष्टी मुलांना वेगळ्या मांडता याव्यात. विज्ञानाच्या मुलांना हे जमतं, कारण निरीक्षण आणि निष्कर्ष वेगळे लिहायची त्यांना सवय असते. मी एक तक्रार देते आणि तारीखवार घटनाक्रम लिहायला सांगते. प्रत्येक ओळीसमोर लिहायचं: याचा कागद काय, साक्षीदार कोण. निम्म्या ओळींसमोर जागा रिकामी राहते. आपण भांडतो कशाच्या जोरावर, हे त्या रिकाम्या जागा बघून मुलांना कळतं.

आता तुमच्या यादीकडे येते.

संविधानाचा पेपर सीनियर सुचवतात त्या कारणासाठी अजिबात घेऊ नका. एक तर नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत मूल्यशिक्षणाच्या सक्तीच्या पेपरमध्ये संविधान आणि लोकशाहीचा भाग अनेक ठिकाणी येऊन जातो. तोच मजकूर दुसऱ्यांदा क्रेडिटसाठी वाचण्यात अर्थ नाही. दोन्ही अभ्यासक्रम शेजारी ठेवून पाहा. मात्र तुमचे शिक्षक न्यायनिर्णयांमधून शिकवत असतील, तर हा पेपर माणसाला घडवतो, हे मी मनापासून सांगते. "अनुच्छेद २१: जीविताचा हक्क" ही एक ओळ पाठ करणं आणि मनेका गांधी खटल्यात १९७८ मध्ये "कायद्याने घालून दिलेली कार्यपद्धती" ही न्याय्य आणि वाजवीच असली पाहिजे, असं न्यायालय कसं म्हणालं ते वाचणं, यात फार अंतर आहे. तुम्ही पर्यावरणाचा जो सक्तीचा पेपर दिला, तोही एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिलेल्या निर्देशांमधून आलेला आहे. न्यायालयाच्या एका आदेशामुळे देशभरातल्या पदवीच्या मुलांच्या दप्तरात एक पुस्तक आलं. असं शिकवणारं कुणी असेल तर जरूर घ्या.

माहितीचा अधिकार आणि ग्राहक संरक्षण हा पेपर कलाशाखेच्या, समाजकार्याच्या आणि गावाकडे परत जाऊन काम करू पाहणाऱ्या मुलांना मी हमखास सुचवते. माझा सगळ्यात आवडता सराव यातलाच आहे. पहिल्याच तासाला अर्ज लिहायला सांगते. मुलं लिहितात: "आमच्या वसतिगृहात पाणी वेळेवर का येत नाही?" या अर्जाला उत्तर मिळत नाही, कारण कायद्यातली "माहिती" म्हणजे नोंदीच्या स्वरूपात अस्तित्वात असलेली गोष्ट, "का" ला अधिकाऱ्याने उत्तर रचून द्यावं अशी अपेक्षा कायदा ठेवत नाही. मग तोच अर्ज पुन्हा लिहायचा: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत टाक्या साफ केल्याच्या नोंदवहीची प्रत, पंप दुरुस्तीच्या बिलांच्या प्रती, त्या काळात आलेल्या तक्रारींच्या नोंदवहीची प्रत. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एकच विषय, तोही १५० शब्दांत. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, त्यानंतर पहिलं अपील. "का" चं उत्तर त्या कागदांतून आपोआप बाहेर पडतं. चौकशीचा प्रश्न नोंदीच्या मागणीत बदलता येणं, ही या पेपरची खरी निष्पत्ती. जाता जाता एक उपयोगाची गोष्ट: स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघण्याचा विद्यार्थ्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या प्रकरणात याच कायद्याखाली मान्य केला. त्याच निकालात हेही आहे की नसलेली माहिती तयार करून देणं प्राधिकरणावर बंधनकारक नाही. एकाच निकालात हक्क आणि त्याची मर्यादा. वर्गासाठी याहून चांगला पाठ मला मिळालेला नाही.

ग्राहक कायद्यात आकडे लक्षात ठेवण्यासारखे थोडेच आहेत. जिल्हा आयोगात मोबदला म्हणून दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असलेली तक्रार, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत, आणि तक्रारदार जिथे राहतो तिथेही दाखल करता येते. मुलं नेहमी विचारतात, कॉलेजविरुद्ध जाता येईल का? राष्ट्रीय आयोगाने २०२० मध्ये शिक्षणसंस्थांना या कायद्याबाहेर ठेवलं आणि खाजगी कोचिंग क्लासेसना मात्र आत धरलं. त्यामुळे क्लासने बुडवलेल्या फीसाठी हा रस्ता आहे, कॉलेजच्या फीसाठी दुसरा शोधावा लागतो. कोणत्या दारावर जायचं हे कळणं हेसुद्धा शिक्षणच.

सायबर कायद्याबद्दल थोडक्यात. विषय आकर्षक आहे, पण अनेक ठिकाणी तो "पासवर्ड कुणाला सांगू नका" या पातळीवर राहतो. त्यासाठी ३० तास नकोत. १९३० हा सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा फोन क्रमांक फसवणूक झाल्या झाल्या लावायचा, एवढं आजच लक्षात ठेवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी तो लागला तर उपयोग. अभ्यासक्रमात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा ठेवणारं कलम ६६ अ आणि ते २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल प्रकरणात का रद्द झालं, खाजगीपणाचा २०१७ चा पुट्टस्वामी निकाल, आणि २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा असेल तर पेपर दमदार आहे. कलम ६६ अ ला न्यायालयीन लढाईपर्यंत नेणाऱ्या घटनांमध्ये २०१२ साली पालघरमध्ये फेसबुकवरच्या मजकुरावरून दोन तरुणींना झालेली अटक होती. माझ्या वर्गातल्या मुली त्यांच्याच वयाच्या असतात, त्यामुळे या धड्याला कुणी मोबाईलकडे बघत नाही. संगणकशास्त्राच्या मुलांनी हा पेपर घ्यावा.

व्यावसायिक कायदे वाणिज्यच्या मुलांना मेजरमध्येच असतात. तुम्हाला त्यातला करार कायदा तेवढा उपयोगी पडेल, आणि तो पहिल्या नोकरीच्या दिवशीच. "तीन वर्षं नोकरी सोडणार नाही, सोडल्यास इतके लाख" असा बॉण्ड पुढे येतो आणि मुलं न वाचता सही करतात. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ धंदा-नोकरीवर निर्बंध घालणारा करार शून्य ठरवतं, पण नोकरीत असतानाची अट आणि सोडल्यानंतरची बंदी यांत न्यायालयं फरक करतात. कलम ७४ प्रमाणे ठरवलेली रक्कम ही वाजवी भरपाईची कमाल मर्यादा असते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये एका सरकारी बँकेची तीन वर्षांची आणि दोन लाखांची अट वैध ठरवली. म्हणून "बॉण्ड कोर्टात टिकत नाही" ही कट्ट्यावरची समजूत घेऊन सही करू नका.

आता तुमचा पेपर. मायक्रोबायॉलॉजीच्या विद्यार्थ्याला बौद्धिक संपदा इतकी जवळची का, ते दोन पोटकलमांवरून दाखवते. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ३ कशाला पेटंट मिळत नाही ते सांगतं. त्यातलं ३(ञ), इंग्रजी पाठातलं जे, म्हणतं की वनस्पती आणि प्राणी, पूर्ण वा अंशतः, यांना पेटंट नाही, "सूक्ष्मजीव वगळता". समजा, लोणारच्या खाऱ्या पाण्यातून तुम्ही एक नवा जिवाणू वेगळा केला. वर्गातला प्रत्येक जण आनंदाने म्हणतो, सूक्ष्मजीव वगळलेत, म्हणजे पेटंट मिळणार! मग मी त्यांना त्याच कलमातलं पोटकलम सी वाचायला लावते: निसर्गात आढळणारा सजीव वा निर्जीव पदार्थ नुसता शोधून काढणं हे नवनिर्मिती, म्हणजे इन्व्हेन्शन, धरलं जात नाही. दोन्ही एकत्र वाचले की चित्र बदलतं. जसा सापडला तसा जिवाणू, नाही. त्यात माणसाने काही बदल घडवून नवं, उपयोगी असं काही केलं, किंवा त्याचा वापर करून नवी प्रक्रिया बसवली, तर दार उघडं आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये आनंद मोहन चक्रवर्ती यांनी घडवलेल्या, खनिज तेलाचं विघटन करणाऱ्या जिवाणूला पेटंटयोग्य ठरवलं, ते याच तर्कावर: तो निसर्गाने केलेला नव्हता. एक पोटकलम वाचून थांबणारा आणि दुसरं शोधणारा विद्यार्थी यांतला फरक इथे स्पष्ट दिसतो.

पुढची पायरी तर तुमच्या शहरातच आहे. जिवाणूचं वर्णन शब्दांत पुरतं होत नाही, म्हणून तो लोकांना उपलब्ध नसेल तर अर्जदाराने बुडापेस्ट करारानुसार मान्यता असलेल्या संग्रहात जमा करावा लागतो. भारतात अशा मान्यतेचे संग्रह मोजकेच. एक चंदीगडला आणि एक पुण्यात नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समध्ये. शिवाय तो कुठून घेतला, हे अर्जात सांगावं लागतं, आणि जैविक संसाधन भारतातलं असेल तर २००२ चा जैवविविधता कायदा आणि चेन्नईचं राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरण मध्ये येतं. प्रयोगशाळेच्या वहीत "नमुना घेतल्याचं ठिकाण व तारीख" हा रकाना तुम्ही कंटाळून भरत असाल, तर उद्यापासून नीट भरा.

एक काळजीची गोष्ट. आपल्या विद्यापीठांतली हुशार मुलं आविष्कार या संशोधन स्पर्धेत पोस्टर लावतात, प्रोजेक्ट सगळ्यांना समजावून सांगतात आणि वर्षाने मला विचारतात, "मॅडम, पेटंट घेता येईल का?" पेटंटसाठी गोष्ट नवी लागते, आणि तुम्ही स्वतःच ती जाहीर केली असेल तर ती नवी राहत नाही. कायद्यात कलम ३१ खाली काही विशिष्ट प्रकारच्या सादरीकरणांसाठी १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती अरुंद आहे. तिच्यावर विसंबू नका. आधी पेटंटचा तात्पुरता अर्ज, मग पोस्टर. हा क्रम मी पहिल्याच आठवड्यात सांगते, कारण हा एक तास चुकल्याने तीन वर्षांची मेहनत हातातून गेलेली मी पाहिली आहे आणि ते दुःख त्या मुलीच्या चेहऱ्यावर मी अजून विसरलेले नाही.

हळदीच्या पेटंटचं प्रकरणही अभ्यासक्रमात आहे का बघा. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिलं गेलं. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या आपल्या सरकारी वैज्ञानिक संशोधन परिषदेने ते आव्हानित केलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. "आमच्या आजीला हे माहीत होतं" एवढ्याने ते रद्द झालं नाही. जुने ग्रंथ आणि छापील शोधनिबंध पुरावा म्हणून मांडावे लागले. घडलेलं आणि सिद्ध करता येणारं, हे मी वर म्हटलं ते इथे पुन्हा येतं. ट्रेडमार्क, भौगोलिक मानांकन हे भाग सोपे आहेत, वाचून होतील. कॉपीराइटमध्ये मात्र दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स दुकानाचा दिल्ली उच्च न्यायालयाचा २०१६ चा निकाल नक्की वाचा. अभ्यासासाठी पुस्तकातल्या भागांच्या प्रती काढण्याबद्दल तो आहे.

यातला कोणताही पेपर तुम्हाला वकील करणार नाही. त्यासाठी पदवीनंतर तीन वर्षांची एलएल.बी., तिची सीईटी आणि पुढे बार कौन्सिलची परीक्षा हा वेगळा रस्ता आहे. मी हे मुद्दाम सांगते, कारण अर्धवट माहितीने नुकसान होतं. माझ्या एका विद्यार्थ्याने काकांना आलेल्या वकिली नोटिशीला "उत्तर द्यायची कायद्याने सक्ती नाही" असं सांगितलं. वाक्य बहुतेक वेळा बरोबर असतं. पण ती नोटीस चेक न वटल्याची होती आणि तिथे पैसे भरायला नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस असतात. ते निघून गेले आणि काकांवर फौजदारी खटला उभा राहिला. तेव्हापासून माझ्या पेपरमध्ये तिसरं उद्दिष्ट आहे: स्वतः कुठे थांबायचं आणि वकिलाकडे कधी जायचं, हे ओळखता आलं पाहिजे. कागदावर मुदत दिसली की वाट बघत बसायचं नाही, त्याच दिवशी वकिलाकडे जायचं. पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरण आहे, क्रमांक १५१००. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती आणि कोठडीतल्या व्यक्तींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हे तुम्हाला स्वतःसाठी लागणार नाही कदाचित, पण तुमच्या वस्तीत कुणाला तरी या महिन्यात लागेल.

फॉर्म भरण्यापूर्वी तीन जणांशी बोला. ज्या शिक्षकांकडे पेपर आहे त्यांना विचारा की वर्गात मूळ अधिनियम उघडतात का, की गाईडवर भागवतात. गेल्या वर्षी तो पेपर दिलेल्या मुलीला विचारा की तिने सेमिस्टरमध्ये स्वतः काय लिहिलं. आणि परीक्षा विभागात विचारा की आवडीचा पेपर कॉलेजात नीट नसेल, तर स्वयम या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचा कायद्याचा कोर्स करून क्रेडिट वळते होतील का. यूजीसीच्या २०२१ च्या विनियमांत एका सेमिस्टरच्या ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक त्यावरून घेण्याची सोय आहे, पण कॉलेजची परवानगी आधी, लेखी घ्या. तोंडी "हो" वर कुणाचं वर्ष अडायला नको.

बौद्धिक संपदाचा पेपर गाईडवर चालत असेल आणि माहिती अधिकाराच्या मॅडम अर्ज लिहून घेत असतील, तर बिनधास्त दुसरा घ्या. पेटंट कायदा तुम्ही पुढे एम.एस्सी.ला स्वतः वाचू शकाल, कारण वाचायचं कसं ते तोवर हातात आलेलं असेल.

आणि पेपर कोणताही घेतलात तरी दोन गोष्टी कराच. त्या कायद्याचा बेअर अॅक्ट, म्हणजे टीकाटिप्पणी नसलेला मूळ मजकूर, इंडिया कोडच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. तो फुकट आहे आणि दुरुस्त्यांसह असतो. दुसरं, एक दिवस शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जाऊन बसा. न्यायालय खुलं असतं, बंद खोलीत चालणारी प्रकरणं सोडली तर कुणालाही मागच्या बाकावर बसता येतं. मोबाईल बंद ठेवा, सकाळी अकराला पोहोचा, आणि उलटतपासणी चालू असेल त्या कोर्टात जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबा. साक्षीदाराला वकील "का" असं जवळजवळ कधीच विचारत नाहीत, तेवढं लक्ष देऊन ऐका.